प्रिम्युला कुजत होता, कुंडीत घेतल्यावर जगला

डिसेंबरात नर्सरीतून प्रिम्युला या थंडीतल्या फुलझाडाची चार रोपं आणली, पिवळं, जांभळं अन् दोन लाल, अन् आणल्या आणल्या अंगणातल्या काळ्या मातीत लावून टाकली, तिथंच चुकलं. आमची परभणीची माती पाणी धरून बसते, आठवड्यात दोन रोपांचा मधला गाभाच कुजला, बोट लावलं की पानं हातात. मग उरलेली दोन काढून कुंडीत घेतली, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), शेणखत अन् जाडी वाळू, गाभा मातीच्या जरा वर ठेवला अन् कुंड्या लिंबाखाली सरकवल्या, सकाळचं कोवळं ऊन तेवढं. पाणी कडेकडेनं, पानांवर नाही. जानेवारीत झुबके आले, सुकलेली फुलं खुडली की नवीन यायची. मार्चात ऊन तापलं अन् खेळ संपला, थंडीचंच झाड ते, आपल्या उन्हाळ्यात कुठलं टिकतंय!