ओढ्यातला बोटभर मासा नेमका कोणता, ओळखायचं कसं?

मुंबईत पाण्यात छोटा मासा दिसला की आपण एकतर 'गप्पी' म्हणतो नाहीतर 'मोठ्या माशाचं पिल्लू' म्हणून सोडून देतो, पण त्यातले कितीतरी मासे पूर्ण वाढलेले असतात आणि इथलेच असतात, आपल्याला त्यांची नावं माहीत असायला हवीत असं मला फार वाटतं.

आधी वेळ. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या आसपास पाणी निवळलं की जा. दहिसर नदी नॅशनल पार्कात वरच्या अंगाला नितळ असते, खाली वस्तीत आली की तळच दिसत नाही. पार्कात जाळं, गळ काही न्यायचं नाही, काठावरूनच बघायचं. पोलराइज्ड गॉगल घाला, पाण्यावरची चमक जाते आणि मासे एकदम उघडे दिसतात.

तुमची सावली पाण्यात पडणार नाही असे बसा आणि दहा मिनिटं हलू नका, पळालेले मासे परत येतात. मग आधी बघा मासा कुठल्या थरात आहे. अगदी पृष्ठभागाला चिकटून, तोंड वर वळलेलं आणि डोक्यावर चांदीसारखा चमकणारा एक ठिपका असेल तर तो किलीफिश, वरून बघताना तो ठिपका आधी दिसतो. गप्पीपण वरच असतो, पण त्याला हा ठिपका नसतो, मादी पोटाने फुगलेली आणि नर तिच्याहून बराच लहान, रंगीत. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेचा, डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आपल्याकडे सोडलेला.

मधल्या थरात खरी मजा आहे. अंग लांबट आणि थोबाडापासून शेपटीपर्यंत एकच काळी रेघ, तर रासबोरा, म्हणजे आपला दांडवण. एकाऐवजी निळ्या-सोनेरी पट्ट्या असतील तर डॅनिओच्या घरातला, त्यात झेब्राफिशच्या पट्ट्या शेपटीवर आणि पोटाखालच्या परावरपण उतरतात.

अंग उंच, खवले मोठे, तर पुंटियसच्या गोतातला. इथे ठिपके मोजा, घाई करू नका. मासा शेवाळ खरवडताना कुशीवर वळतो, अंग आरशासारखं लकाकतं, त्या क्षणी एक काळा ठिपका कल्ल्याच्या मागे आणि दुसरा शेपटीच्या अलीकडे दिसला की तो टिक्टो. कल्ल्यामागे काहीच नाही, पण शेपटीच्या बुडाशी एक आणि पाठीवरच्या पराच्या बुडाशी एक डाग असेल तर सोफोर.

फोटो कुशीकडूनच काढा, वरून काढलेल्या फोटोत सगळे सारखेच काळपट दिसतात, आणि शेपूट फ्रेममध्ये पूर्ण येऊ द्या, कारण नाव ठरवणारा डाग बहुतेक वेळा तिथेच असतो.