लढाईत नियमावर गाडी अडली तर काय करायचं

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये (टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एक पात्र घेऊन खेळायचा गोष्टीचा खेळ) नियम अडला की आधी पुस्तक उघडून त्या ओळीतला एकेक शब्द मोठ्याने वाचा, आठवणीवर भांडू नका. आमच्याकडे पॅलाडिनवाला (पवित्र योद्ध्याचं पात्र खेळणारा) म्हणाला मी बुक्की मारून डिव्हाइन स्माइट (फटका लागल्यावर जादूने जास्तीचं डॅमेज, म्हणजे इजा, करायची शक्ती) करणार आणि अर्धा तास त्यातच गेला. 2014 च्या पुस्तकात घोळ असा की बुक्की 'मेली वेपन अटॅक' (जवळून शस्त्राने केलेला हल्ला) मध्ये धरतात पण बुक्की स्वतः वेपन नाही, आणि स्माइटचं डॅमेज वेपनच्या डॅमेजमध्ये मिळवायचं असं लिहिलंय, म्हणजे शब्द धरून चाललं तर बुक्कीला स्माइट नाही. 2024 च्या नियमांत बुक्की सरळ चालते, फक्त स्माइट आता स्पेल (जादूचा मंत्र) आहे आणि बोनस अ‍ॅक्शन (आपल्या पाळीतली एक जास्तीची छोटी कृती) खातो. म्हणून कुठली आवृत्ती खेळतोय ते पहिल्याच दिवशी ठरवा, बरीच भांडणं तिथेच मिटतात.

तरीही अडलंच तर डीएमने (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) दोन मिनिटांत निर्णय द्यावा, शंका असेल तर खेळाडूच्या बाजूने, आणि वहीत लिहून ठेवावा. सेशन संपल्यावर निवांत वाचा, चुकलं असेल तर पुढच्या वेळेपासून बदला, झालेली लढाई उकरून काढू नका. आणि हो, जो निर्णय खेळाडूला तोच समोरच्या राक्षसालाही लागू, हे आधीच सांगून ठेवा.