आधी पत्ता वाचा, मग राऊटरला हात लावा

फोंडा-डिचोली भागात वायफाय आणि सीसीटीव्ही जोडायच्या कामाला नवीन लागलेली मुलं गिऱ्हाइकाकडे पोचली की आधी राऊटर बंद-चालू करतात. नाही जमलं तर पिन घालून रिसेट. रिसेटने फायबरवाल्याचा युजरनेम-पासवर्डही पुसला जाऊ शकतो. मग एका खोलीतच गेलेलं नेट घरभर बंद पडतं. त्यापेक्षा अडलेल्या फोनला किंवा लॅपटॉपला कुठला आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्या यंत्राचा क्रमांक) मिळालाय ते बघा. विंडोजवर 'आयपीकॉन्फिग', फोनवर वायफायच्या नावाखालचा तपशील. निम्मं निदान तिथेच होतं.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राऊटरने काहीच दिलेलं नाही, लॅपटॉपने स्वतःच एक घेतलाय. १९२.१६८ वाला असेल तर गेटवेला, म्हणजे राऊटरच्या पत्त्याला, पिंग करा (उत्तर येतं का ते तपासा). उत्तर आलं की घोळ बहुतेक राऊटरच्या पलीकडे.

चवथीला हमखास येणारी तक्रार अशी: आधी जोडलेले फोन चालतात, नंतर आलेल्यांना वायफाय लागतच नाही. राऊटरच्या पानावर डीएचसीपीची (राऊटरने आपोआप पत्ते वाटायची सोय) रेंज बघावी तर १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.१२०. म्हणजे पत्ते २१! घरात टीव्ही, कॅमेरे, वर मुंबई-बेळगावहून आलेलं अख्खं कुटुंब. २५५.२५५.२५५.० या मास्कमध्ये (नेटवर्क केवढं ते ठरवणारा आकडा) २५४ पत्ते बसतात, तेव्हा रेंज ५० ते २५० करायला काहीच हरकत नाही. लीज टाइम, म्हणजे दिलेला पत्ता किती वेळ राखून ठेवायचा, तोही बघा. तो २४ तास असेल तर आरतीपुरता येऊन गेलेला शेजारीही दिवसभर पत्ता अडवून बसतो. होमस्टेला मी दोन तास ठेवतो.

डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) आणि प्रिंटरचा पत्ता मात्र बदलता कामा नये. तो त्या यंत्रात टाइप करण्यापेक्षा राऊटरमध्येच मॅक पत्त्यावर (यंत्राचा स्वतःचा नेटवर्क क्रमांक) रिझर्व्ह करा. सगळी नोंद एका जागी राहते. फोनला रिझर्व्हेशन देणार असाल तर त्यातला 'रँडम मॅक' (खऱ्याऐवजी दुसराच मॅक पत्ता दाखवणं) आधी बंद करा. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून तो बहुधा चालूच असतो.

खरी डोकेदुखी दुसऱ्या राऊटरची. जुन्या घरांच्या जाड चिऱ्याच्या भिंतींतून सिग्नल जात नाही, म्हणून मागच्या खोल्यांना केबल ओढून दुसरा राऊटर लावतात. दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असला की मागच्याला आत कुठलं आणि बाहेर कुठलं तेच कळत नाही. नुसतं वायफाय पोचवायचं असेल तर त्याला ॲक्सेस पॉइंट करा: पत्ता १९२.१६८.१.२, डीएचसीपी बंद, केबल वॅनमध्ये (बाहेरच्या नेटचं पोर्ट) नव्हे, लॅन (घरातल्या यंत्रांचं) पोर्टमध्ये. घरात डीएचसीपी वाटणारा एकच हवा.

मागचं नेटवर्क वेगळं, १९२.१६८.२ वालं ठेवायचं आणि पुढच्या खोलीतून तिथला प्रिंटरही वापरायचा, तर केबल वॅनमध्येच राहू द्या, त्या वॅनला १९२.१६८.१.२ हा पत्ता पक्का करा, नॅट (आतले पत्ते राऊटरच्या एका पत्त्याआड लपवणं) बंद करा, फायरवॉलमध्ये परवानगी द्या आणि पहिल्या राऊटरमध्ये स्टॅटिक रूट (मागच्या नेटवर्ककडे जायची पक्की वाट) घाला: डेस्टिनेशन १९२.१६८.२.०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.२. स्वस्तातल्या बऱ्याच राऊटरांत नॅट बंद करायची सोयच नसते, ते विकत घ्यायच्या आधी बघा. आणि पाहुण्यांना असं मागे बसवलं म्हणजे ते वेगळे झाले, असं समजू नका. मागून पुढच्या घरातली यंत्रं दिसतात. त्यांना गेस्ट नेटवर्क द्या.

परदेशातल्या मुलाला गावच्या घरचे कॅमेरे दिसावेत अशी मागणी आपल्याकडे फार. पोर्ट फॉरवर्डिंगला (बाहेरून येणारी जोडणी आतल्या यंत्राकडे वळवणं) बसण्यापूर्वी राऊटरचा वॅन पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर कंपनीने एकच पब्लिक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलाय, बाहेरून येणारी जोडणी तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. मग कंपनीकडून पब्लिक आयपी घ्यावा लागतो, नाहीतर डीव्हीआरचं क्लाउड ॲप वापरावं लागतं. हे गिऱ्हाइकाला काम ठरवतानाच सांगा, पैसे मागताना नको.