लिल-जीयूआयमध्ये कलर पिकर लावताना या चुका टाळा

लिल-जीयूआय ही वेबपानावर सेटिंग्जचं छोटं पॅनेल दाखवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी. तिच्यात रंग निवडायचा कलर पिकर कोडच्या एका ओळीत येतो. तरी रंग चुकतो, तेव्हा पिकरला बोल लावण्याआधी तुम्ही रंग कोणत्या रूपात साठवलाय ते बघा. बहुतेक वेळा पाणी तिथेच मुरत असतं.

किरकोळ चूक आधी उरकू. हेक्स स्ट्रिंगला (#८०८०८० सारख्या रंगाच्या कोडला) नुसतं ‘ॲड’ लावलं तर मजकुराची चौकट येते; ‘ॲडकलर’च लागतं. स्ट्रिंगमध्ये ‘रेड’सारखं रंगाचं नाव नको, हेक्सच द्या.

पिकर फिरवला तरी मॉडेल ढिम्म? पिकर सेटिंग्जच्या ऑब्जेक्टमधली स्ट्रिंग बदलतो, मटेरियलला (थ्री-जेएस या थ्रीडी लायब्ररीत मॉडेलचं रंगरूप ठरवणाऱ्या ऑब्जेक्टला) त्याचा पत्ताच नसतो. ‘ऑनचेंज’मध्ये मटेरियलच्या रंगावर ‘सेट’ चालवा. उलट, रंग कोडमधून बदलत असेल आणि पॅनेल जुनाच दाखवत असेल, तर ‘लिसन’ जोडा.

डॅट-जीयूआय या तशाच जुन्या लायब्ररीवरून आलेला कोड हमखास फसतो तो ॲरेमध्ये, म्हणजे रंगाच्या आकड्यांच्या यादीत. तिथे आरजीबी (लाल, हिरवा, निळा) ० ते २५५, इथे ० ते १. जुनी ॲरे तशीच दिली तर पिकरमध्ये भलताच रंग दिसतो. वर, नवा रंग निवडला की ॲरेत ० ते १ मधले आकडे येतात, आणि २५५ धरून लिहिलेला कोड जवळपास काळं चित्र काढतो. ‘ॲडकलर’ला तिसरं आर्ग्युमेंट २५५ द्या, काम झालं. एचएसव्ही (रंगछटा, संपृक्तता, उजळपणा) ऑब्जेक्ट मात्र इथे चालत नाहीत.

सगळ्यात जास्त डोकं खाणारी चूक थ्री-जेएसमधली. आवृत्ती १५२ पासून कलर मॅनेजमेंट आपोआप चालू असतं, म्हणजे मटेरियलच्या रंगात आतले आकडे लिनिअर (प्रकाशाच्या प्रत्यक्ष प्रमाणात) असतात. पिकर थेट मटेरियलच्या ‘कलर’वर लावला, तर तो हे आकडे एसआरजीबी (पडद्यासाठीचे नेहमीचे आकडे) समजून दाखवतो. #८०८०८० हा करडा घ्या: आत तो सुमारे ०.२१६ होतो आणि पिकरमध्ये #३७३७३७ दिसतो, म्हणजे बराच गडद. पिकरमधून निवडलेला रंग पडद्यावर फिकट येतो, तेही याचमुळे. मग लोक दिव्यांची तीव्रता कमी-जास्त करत बसतात. दिव्यांचा इथे काही संबंध नाही. वेगळी हेक्स स्ट्रिंग ठेवा, पिकर तिच्यावर लावा, आणि वर सांगितलेला ‘सेट’ वापरा. रूपांतर थ्री-जेएस स्वतः करतं.

पारदर्शकता पिकरमध्ये शोधू नका, अल्फा त्यात नाहीच. ‘ओपॅसिटी’साठी ० ते १ चा वेगळा स्लायडर ठेवा आणि मटेरियलचं ‘ट्रान्सपरंट’ ट्रू करा.