‘उगाच’, ‘नाहक’, ‘अवाजवी’ : इंग्रजीत यांसाठी कोणते क्रियाविशेषण निवडावे

एखादी गोष्ट गरजेपेक्षा किंवा मर्यादेपेक्षा जास्त झाली हे सांगण्यासाठी मराठीत उगाच, नाहक, निष्कारण, फाजील, अवाजवी असे शब्द आहेत आणि ते नेहमीच एकमेकांच्या जागी बसत नाहीत. इंग्रजीचेही तसेच आहे. तरीही इंग्रजी लिहिताना आपण बहुधा ‘टू’ (too) आणि ‘अननेसेसरिली’ या दोनच शब्दांवर भागवतो. शब्द निवडण्यापूर्वी नेमके काय ओलांडले गेले आहे, हे ठरवावे.

गरजच नव्हती, असे म्हणायचे असेल तर ‘अननेसेसरिली’. प्रमाण सुटले, असे म्हणायचे असेल तर ‘एक्सेसिव्हली’. प्रतिजैविके ‘अननेसेसरिली’ घेतली याचा अर्थ ती घेण्याचे कारणच नव्हते. ‘एक्सेसिव्हली’ घेतली याचा अर्थ मात्रा किंवा वापर वाजवीपेक्षा जास्त झाला. डॉक्टरांना किंवा विमा कंपनीला लिहिताना हा फरक महत्त्वाचा ठरतो. ‘नीडलेसली’चा अर्थ ‘अननेसेसरिली’च्या जवळचा असला तरी त्यात हळहळ आहे, म्हणून टाळता आली असती अशा हानीसाठी तो शोभतो: ‘मेनी पेशंट्स सफर्ड नीडलेसली.’

‘अनड्युली’ मला ‘नाहक’च्या सर्वांत जवळचा वाटतो, कारण ‘नाहक’मध्ये ज्याप्रमाणे हक्क नसणे आहे, त्याप्रमाणे ‘अनड्यू’मध्ये देय किंवा उचित नसणे आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 16 मधील ‘अनड्यू इन्फ्लुअन्स’ म्हणजे दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवता येईल अशा स्थितीचा गैरफायदा घेणे. हे क्रियाविशेषण औपचारिक आहे आणि नकारार्थी वाक्यात विशेष रुळलेले आहे: ‘वी आर नॉट अनड्युली वरीड.’

‘ग्रॅच्युइटसली’ची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ ‘मोबदल्याशिवाय दिलेले’ असा होता आणि त्यातून पुढे ‘विनाकारण’ हा अर्थ आला. आपल्या ‘फुकट’ या शब्दातही ‘मोफत’ आणि ‘व्यर्थ’ हे दोन्ही अर्थ नांदतात. कथेची गरज नसताना घातलेल्या हिंसक दृश्याला ‘ग्रॅच्युइटसली व्हायलंट’ म्हणावे, मात्र लांबलचक अर्जाला ‘ग्रॅच्युइटसली लाँग’ म्हणू नये, कारण या शब्दात सहसा खटकण्याचा, अनुचितपणाचा आरोप असतो.

‘ओव्हरली’ विशेषणापूर्वी ठेवावा, जसे ‘ओव्हरली कॉशस’. ‘ही वरीज ओव्हरली’ऐवजी ‘ही वरीज टू मच’ लिहावे.

सर्वांत जास्त चूक ‘टू’ची होते, कारण आपण मनात ‘खूप’ म्हणतो आणि कागदावर ‘टू’ उतरवतो. ‘द टी इज व्हेरी हॉट’ म्हणजे चहा खूप गरम आहे. ‘द टी इज टू हॉट’ म्हणजे तो पिववणार नाही इतका गरम आहे. बोलताना ‘टू गुड’ खपून जाते, पण औपचारिक लेखनात कौतुकासाठी ‘व्हेरी’च योग्य, नाहीतर स्तुतीची तक्रार होण्याचा धोका असतो.

जागेकडेही लक्ष द्यावे. ‘विनाकारण पाणी वापरू नका’ या वाक्याचा क्रम मनात असल्यामुळे ‘डोन्ट यूज अननेसेसरिली वॉटर’ असे लिहिले जाते. इंग्रजीत क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये हा शब्द सहसा येत नाही, म्हणून ‘डोन्ट यूज वॉटर अननेसेसरिली’ असे लिहावे. ‘अननेसेसरिली एक्सेसिव्ह’ अशी जोडीही टाळावी, कारण ‘एक्सेसिव्ह’मध्ये मर्यादा ओलांडल्याचा अर्थ आधीच आलेला असतो.