गेटसमोरचा उतार उखडलाय? पालिकेकडे जाताना या चुका टाळा

पुण्यात सोसायटीच्या गेटपुढचा उतार उखडला की पहिला फोन नगरसेवकाला जातो. तो तुकडा नक्की कुणाचा, हे मात्र कुणी पाहत नाही. आधी मंजूर नकाशा काढा. हद्दीच्या आतलं सोसायटीचं, बाहेरचा फुटपाथ आणि रस्ता पालिकेचा. त्यातही साधारणपणे 12 मीटर आणि त्याहून रुंद रस्ते मुख्य पथ विभागाकडे, त्याखालचे क्षेत्रीय कार्यालयाकडे. चुकीच्या टेबलावर पडलेला अर्ज कुणी नाकारत नाही, तो नुसता फिरत राहतो.

‘रस्ता खराब आहे, दुरुस्त करावा’ एवढ्यावर कुणीही जागचं हलत नाही. लिहा: गेटच्या डाव्या अंगाला, कर्बस्टोनला (फुटपाथच्या कडेच्या दगडाला) लागून पेव्हर ब्लॉक खचलेत, चेंबरचं झाकण चार बोटं खाली गेलंय. फोटोत टेप धरा. शिवाय खचण्याचं कारण शोधा. केबलसाठी खोदलेला चर नीट दाबला नव्हता, की खाली पाण्याची लाइन गळतेय? कोरड्या दिवसांतही तिथली माती ओली दिसली तर आधी पाणीपुरवठा विभाग गाठा. गळती तशीच ठेवून वर नवे ब्लॉक बसवले तर तेही खचणार.

काही सोसायट्या वैतागून स्वतःच काँक्रीट ओततात. हा उतावळेपणा महागात पडतो. पावसाळी गटाराचं तोंड बुजतं, पाणी शेजाऱ्यांच्या पार्किंगमध्ये शिरतं आणि पालिका अतिक्रमण म्हणून ते फोडू शकते.

अर्ज आवक-जावकला द्या, शिक्क्याची पोच घ्या. पालिकेच्या ॲपवरची तक्रार काम न होताच ‘निकाली’ निघाली तर स्क्रीनशॉट जपून ठेवा. भर जुलैत डांबराचा हट्ट नको. तेव्हा फार तर खड्डा बुजेल.

तरीही हालचाल नसेल तर माहिती अधिकार. शुल्क 10 रुपये, मजकूर 150 शब्दांत, विषय एकच. उत्तराची मुदत 30 दिवस. ‘काम का केलं नाही?’ हा प्रश्न वाया जातो. त्याऐवजी शेवटच्या कामाचा कार्यादेश (वर्क ऑर्डर) आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातला दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, दाखवणारी कागदपत्रं मागा. ही मुदत शिल्लक असेल आणि दोष त्याच कामाचा असेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने होते. तेव्हा ती प्रत जोडून कनिष्ठ अभियंत्याला नवा अर्ज द्या, ‘निधी नाही’ हे उत्तर मग चालत नाही.