न्यूक्लियर रिसेप्टरवरचं संयुग मेंदूच्या आजारासाठी कसं तपासावं

माणसात ४८ न्यूक्लियर रिसेप्टर आहेत, म्हणजे लहान रेणू (लिगंड) बांधला गेला की जनुकांचं काम वाढवणारी-घटवणारी प्रथिनं. अल्झायमर आणि पार्किन्सनसाठी त्यांतल्या आरएक्सआर, पीपीएआर गॅमा, एलएक्सआर आणि नुर-१ यांच्यावर सर्वांत जास्त आशा लावली गेली, आणि निराशाही तिथेच पदरी पडली. बेक्सारोटीन हे आरएक्सआरला चालू करणारं, १९९९ पासून त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमा या कर्करोगासाठी मान्य असलेलं औषध. त्याने उंदरांच्या मेंदूतले अमायलॉइडचे (अल्झायमरमध्ये साचणाऱ्या प्रथिनाचे) साठे झपाट्याने कमी होतात असं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. २०१३ मध्ये इतर गटांना ते दिसलंच नाही. पीपीएआर गॅमाला चालू करणाऱ्या पायोग्लिटाझोनची मोठी अल्झायमर चाचणी २०१८ मध्ये परिणाम न दिसल्याने थांबली. त्यामुळे तुमचं संयुग उंदराला देण्याआधी रिसेप्टर खरंच चालू होतो का, हवा तोच होतो का, आणि मोकळं (प्रथिनांना किंवा ऊतकाला न चिकटलेलं) औषध मेंदूत किती पोहोचतं, हे याच क्रमाने तपासा.

सुरुवात पेशींपासून. एचईके-२९३टी पेशी (माणसाच्या मूत्रपिंडापासून बनवलेल्या, प्रयोगशाळेत वाढणाऱ्या) ९६ खणांच्या प्लेटमध्ये दर खणात साधारण ३०,००० टाका. या पेशी चटकन सुटून येतात, म्हणून प्लेटला आधी पॉलि-लायसिनचा लेप द्या. कडेचे ३६ खण फक्त बफरने भरा; तिथलं माध्यम लवकर आटतं आणि आकडे वाकडे येतात. उरलेल्या ६० खणांत काम भागतं. दुसऱ्या दिवशी दर खणात १०० नॅनोग्रॅम डीएनए द्या: गॅल-४ ला (डीएनएला बांधणाऱ्या यीस्टच्या प्रथिनाला) जोडलेला रिसेप्टरचा लिगंड-बंधक भाग २० नॅनोग्रॅम, यूएएस-फायरफ्लाय ल्युसिफरेज (गॅल-४ यूएएसवर बसून रिसेप्टर चालू झाला की उजेड देणारं एन्झाइम) ५०, कमजोर टीके प्रमोटरवरचं रेनिला (तुलनेसाठी दुसरं उजेड देणारं एन्झाइम) ५, बाकी रिकामं प्लास्मिड.

माध्यमाकडे दुर्लक्ष करू नका. साध्या सीरममध्ये स्निग्धाम्लं, रेटिनॉइड (अ-जीवनसत्त्वासारखे रेणू) आणि स्टेरॉइड असतात. पीपीएआर आणि आरएक्सआर औषधाविनाच अर्धवट चालू राहतात आणि खरा परिणाम दबून जातो. कोळशाने गाळलेलं सीरम घ्या. फिनॉल रेडमध्ये इस्ट्रोजेनसारखी क्रिया असते, म्हणून तेही टाळलेलं बरं. रेटिनॉइड हाताळताना दिवे मंद ठेवा, नळ्या फॉइलमध्ये गुंडाळा.

संयुगाचं १० मिलिमोलर द्रावण डीएमएसओ या द्रावकात करा. १० मायक्रोलिटर द्रावणात २१.६ मायक्रोलिटर डीएमएसओ मिसळलं की तीव्रता ३.१६ पटीने उतरते. मूळ द्रावण धरून अशा आठ पायऱ्या करा. माध्यमात हजारपट विरळ केल्यावर १० मायक्रोमोलर ते सुमारे ३ नॅनोमोलर अशी रांग मिळते आणि डीएमएसओ सगळीकडे ०.१ टक्काच राहतो. विरळीकरण पाण्यात करू नका. चिकट, स्निग्ध संयुगं तिथेच साका होऊन बसतात आणि तुम्ही प्लास्टिकला औषध पाजत राहता. प्रत्येक पायरीला तीन खण. ओळखीचं संयुग सोबत हवंच: पीपीएआर गॅमासाठी रोझिग्लिटाझोन १ मायक्रोमोलर, आरएक्सआरसाठी बेक्सारोटीन १०० नॅनोमोलर, एलएक्सआरसाठी जीडब्ल्यू-३९६५ १ मायक्रोमोलर. रात्रभर ठेवून फायरफ्लायला रेनिलाने भागा.

उजेड वाढला म्हणून लगेच खूश होऊ नका. ल्युसिफरेजला रोखणारी काही संयुगं त्या एन्झाइमला पेशीत टिकवून धरतात, मग उलटाच उजेड वाढलेला दिसतो. म्हणून रिसेप्टरचा भाग नसलेल्या, नुसत्या गॅल-४ वर तेच संयुग चालवा. तिथेही वाढ दिसली, तर ते बाजूला ठेवा.

निवडकपणाची कसोटी इथे खास जपून घ्यावी लागते. आरएक्सआर हा पीपीएआर, एलएक्सआर आणि नुर-१ यांचा जोडीदार आहे. त्याला चालना दिली की या जोड्याही जागतात. एलएक्सआरसाठी सर्रास वापरलं जाणारं टी-०९०१३१७ हे संयुग एफएक्सआर आणि पीएक्सआर या दुसऱ्या न्यूक्लियर रिसेप्टरांनाही चालू करतं. नुर-१ ची गोष्ट आणखी अवघड: २००३ च्या स्फटिकरचनेत त्याचा लिगंडचा खिसा जलविरोधी साखळ्यांनी भरलेला दिसला, त्यामुळे तिथे उजेड दिसला तर संयुग थेट बांधलं जातं याचा वेगळा पुरावा मागा. संयुग सगळ्या जोडीदारांवर चालवून पाहा, मग अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये (मेंदूतल्या आधारपेशींमध्ये) एबीसीए-१ आणि एपीओई या, एलएक्सआर आणि आरएक्सआर चालू करतात त्या जनुकांचा आरएनए मोजा. हे हलले नाहीत, तर गॅल-४ चा आकडा कामाचा नाही.

आता मेंदू. उंदराला सलाइनने धुऊन मगच मेंदू काढा, नाहीतर रक्तातलं औषध मेंदूच्या खात्यात मोजलं जातं. एकूण प्रमाण फसवतं. मेंदूच्या ऊतकाला चिकटून मोकळा अंश किती उरतो ते डायलिसिसने काढा. समजा मेंदूत एकूण १००० नॅनोमोलर आहे आणि मोकळा अंश १ टक्का, तर रिसेप्टरच्या वाट्याला १० नॅनोमोलरच येतं. पेशीत अर्धा परिणाम ३० नॅनोमोलरला दिसला असेल, तर हा डोस अपुरा आहे. बेक्सारोटीन रक्तातल्या प्रथिनांना ९९ टक्क्यांहून जास्त चिकटतं, हे इथे ध्यानात ठेवा.

डोस वाढवायचा झाला, तर त्याच उंदरांचं यकृत आणि रक्त घ्या. एलएक्सआर यकृतात चरबी बनवायला लावणारं एसआरईबीपी-१सी जागवून ट्रायग्लिसराइड वाढवतो. बेक्सारोटीनने माणसांतही ट्रायग्लिसराइड वाढतात आणि थायरॉइड मंदावते. मेंदूत एबीसीए-१ वाढायच्या आधीच यकृतात चरबी साचत असेल, तर त्या संयुगाचा डोस वाढवू नका, रेणूच बदला.